कच्चा दोरा

माझी डावी छाती शिंप्याच्या टेबलावर पडली होती, आणि तिच्यात निदान चाळीस टाचण्या खुपसलेल्या होत्या!

मी दुकानाच्या दारातच थिजले.

तुम्ही घाबरू नका, खरी नव्हती ती. खरी सव्वादोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये गेली, गाठीसकट. ही आईनं घरी शिवलेली. तिच्या जुन्या मऊ गाऊनचं फिकट गुलाबी कापड, आत कापूस, वजनाला मूठभर मोहरी, आणि मधोमध एक छोटंसं बटण. “अगं, बटण कशाला?” मी विचारलं होतं. “नुसतं बोडकं दिसतं गं,” आई म्हणाली होती. तर ही गादी मी रोज आत घालायचे आणि चारचौघांत मान वर करून हिंडायचे. कुणाला काही कळत नाही, असं मला आपलं वाटायचं.

मी लॅबमध्ये काम करते. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, काचेच्या पट्टीवर चढवायचे, रंगवायचे आणि ती स्लाईड थोरल्या मॅडमच्या हातात द्यायची. पुढं मायक्रोस्कोपमधून बघून त्या निकाल देतात. त्या आठवड्यात आमचा एसी बंद पडला होता. उकाड्यानं जीव नकोसा झाला, म्हणून मी गादी काढून पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकली आणि घरी आल्यावर कोट खुर्चीवर भिरकावला. बाह्या फार लांब आहेत म्हणून आईनं तो उचलला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन दिला. खिसे बघितले? छे! चार दिवस मी रुमालांच्या घड्या घालून काढले आणि घरभर कपाटं उपसत बसले.

आणि ही बया इथं!

टेबलामागून एक माणूस उठला. पस्तिशीचा असेल. गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत दोन टाचण्या. त्यानं टाचण्या काढल्या – आणि माझ्या डोळ्यांदेखत – माझ्यात खुपसल्या.

“या ना मॅडम. लॅबचा कोट ना? झालाय, फक्त शेवटचा हात फिरवायचाय.”

“हे... हे काय आहे?” मी बोट दाखवलं.

“हे होय? पिनकुशन.” त्याचा चेहरा एकदम खुलला. “तुमच्याच कोटाच्या खिशात होतं. फार सुंदर केलंय हो! टाचणी आत गेली की कशी सरळ उभी राहते बघा. आत मोहरी आहे ना? टाचण्यांना गंज चढत नाही मोहरीनं. मी म्हटलं, कोट होईपर्यंत वापरून बघू. कुणी शिवलंय?”

“आईनं.”

“त्यांना म्हणावं, अजून एक करून द्या. जोडी होईल.”

जोडी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुळात भांडखोर, त्यात औषधांनी डोक्यावरचे केस गेले ते परत आले, पण गेलेला संयम काही परत आला नव्हता.

“मास्तर, ते पिनकुशन नाही.”

“मग?”

“माझी छाती आहे ती. डावी. ऑपरेशन झालंय माझं. कॅन्सरचं.”

हा माणूस पांढराफटक पडला. खाली गादीकडं बघितलं, वर माझ्याकडं बघितलं, पुन्हा खाली बघितलं. मग घाईघाईनं एकेक टाचणी उपटायला लागला. ठेवायच्या कुठं? सवयीनं ओठांत धरायला लागला. दहा-पंधरा टाचण्या तोंडात, डोळे भरलेले, माफी मागायचीय आणि तोंड उघडता येत नाही! शेवटी त्यानं सगळ्या ओंजळीत काढल्या, गादीवरून अंगठा अलगद फिरवला आणि तिलाच विचारलं, “दुखलं तर नाही ना?”

मी गादी उचलली, हँगरचा कोट ओढला आणि तडक बाहेर पडले. पन्नास पावलं गेले असेन, आणि मला हसू फुटलं. भर रस्त्यात, भिंतीला टेकून, पोट धरून हसले मी. सव्वादोन वर्षांत सगळ्यांनी मला नाही नाही ते विचारलं होतं... काय खायचीस, घराण्यात कुणाला होतं, आधी कसं कळलं नाही. दुखलं का, हे विचारणारा हा पहिलाच. तेही मला नाही, कापडाला!

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये थोरल्या मॅडम म्हणाल्या, “अगं, तुझ्या बाहीतून हे काय लोंबतंय?” बघते तर लांबलांब टाक्यांचा एक पांढरा दोरा. झालं! मला भांडायला आयतं निमित्त मिळालं. आणि खरं सांगू? संध्याकाळी त्या दुकानाकडं जाताना मी दोनदा केस सारखे केले. भांडायला जाताना कोण केस सारखे करतं?

“मास्तर, हा काय हलगर्जीपणा?”

त्यानं बाही हातात घेतली आणि जीभ चावली. “कच्चा दोरा राहिला. पक्की शिलाई पडेपर्यंत कापड धरून ठेवायला घालतात, मग उसवून टाकायचा असतो. काल तुम्ही कोट ओढून नेलात म्हणून...”

“म्हणजे चूक माझी?”

“नाही नाही, माझीच. माझे वडील म्हणायचे, गिऱ्हाईकाच्या कपड्यात कच्चा दोरा सापडला तर शिंप्यानं आठ दिवस तोंड दाखवू नये.”

“मग दाखवताय कशाला?”

“तुम्हीच आलात बघायला.”

आता मात्र माझ्या तोंडाचा आ झाला. हा बुजरा माणूस उलटून बोलतो? मी रागानं बघितलं, तर तो खाली मान घालून दोरा ओढत होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते.

दोरा निघाला. कोट माझ्या हातात देता देता तो घुटमळला. “एक बोलू? रागावणार नसाल तर... तुमचा डावा खांदा वर चढलाय.”

“काय?”

“कोट उसवताना बघितलं. डावीकडची शिवण घासलीय, उजवीकडची नाही. गादी हलकी पडतेय तुम्हाला. एक बाजू जड, एक हलकी, म्हणून शरीर तोल सांभाळतंय. पाठ दुखत असेल संध्याकाळी.”

दुखत होती. दोन वर्षं रोज दुखत होती, आणि मी प्रत्येक वेळी मनात एकच म्हणायचे – आलं वाटतं परत, हाडात उतरलं वाटतं. कुणाला न सांगता मी किती संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून घामाघूम झालेय! आणि हा म्हणतो, गादी हलकी आहे. एवढंच? मी खुर्ची ओढून मटकन बसले.

“मी करून देऊ का नवी?” तो म्हणाला, आणि लगेच घाबरला. “म्हणजे मी माप घेणार नाही! आईंना सांगा, त्या घेतील. मला कागदावर आकडे द्या फक्त.”

“काही गरज नाही,” मी ठणकावून सांगितलं आणि घरी आले.

आठवड्यानं आईनंच एक पुठ्ठ्याचं खोकं माझ्यापुढं ठेवलं. मी झोपलेली असताना तिनं टेप लावून माप घेतलं होतं आणि स्वतः जाऊन देऊन आली होती! “आई, लाज नाही वाटली?” “कसली लाज? कॉलरचं माप देतोच की आपण.” खोक्यात मऊ सुती गादी होती, शिवण सगळी आत वळवलेली, कुठंही टोचणार नाही अशी. पडदे सरळ लोंबावेत म्हणून त्यांच्या खालच्या कडेत बारीक वजनाची साखळी घालतात, ती त्यानं गोल गुंडाळून आत बसवली होती. बटण नव्हतं.

मी ती घालून आरशासमोर उभी राहिले. खांदा खाली आला. आपोआप. मी कितीतरी वेळ हलले नाही. आरशात एक सरळ उभी राहिलेली बाई होती, आणि मी तिला विसरलेच होते. मग मात्र रडू आवरलं नाही.

“लोक फुलं देतात, मास्तर,” दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन म्हटलं.

“फुलं तीन दिवसांत सुकतात. हे धुता येतं,” तो म्हणाला. “कोमट पाण्यात. पिळायचं नाही.”

त्यानंतर मी रोज जायला लागले. लॅबमधून येताना वाटेतच दुकान, मग काय बिघडलं? कधी बटण तुटायचं, कधी मी ते तोडायचे. तो चहा मागवायचा, मी कापड कापायच्या टेबलावर कोपर टेकून त्याच्या चुका काढायचे.

“ही बाही आखूड वाटतेय.”

“काचवाल्या मॅडम, तुम्ही काचेतलं बघा. कापडातलं मी बघतो.”

“कापडातलं बघता म्हणून तर छातीचं पिनकुशन झालं.”

“जन्मभर ऐकवणार का हो ते?”

जन्मभर... तो शब्द आमच्यामध्ये टेबलावर पडला. त्यानं कात्री उचलली, उगाच. मी कप उचलला, रिकामा. त्याची नजर वर आली आणि माझ्या नजरेला भिडली – आणि माझ्या काळजात धस्स झालं. अगं बाई! हे काय झालं? हे तर मी करणार नव्हते!

पुढच्याच आठवड्यात तो टेप बोटांना गुंडाळत म्हणाला, “रविवारी दुकान बंद असतं. तळ्याकाठी फिरायला... म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर...”

“नाही.”

“बरं.”

“बरं काय? का, ते विचारा ना!”

“का?”

मी टेबलावरच्या डबीतून एक हूक काढला, आणि ज्या ब्लाऊजला तो दोऱ्याच्या कड्या लावत होता तो पुढं ओढला. “हे बघा. पुष्कळ जणींच्या गाठीला अशा कड्या असतात. अंगातले हार्मोन हुकासारखे त्यात अडकतात आणि गाठ वाढते. मग डॉक्टर गोळी देतात. गोळी ती वाट बंद करते. पाच वर्षं रोज एक गोळी, काहींना दहा. बायका कंटाळतात, पण रोज सकाळी त्यांना वाटतं, आज आपण काहीतरी केलं. माझ्या गाठीला कडीच नव्हती, मास्तर. एकही नाही. आमच्याकडं त्या कड्या रंगवून बघतात, असल्या तर तपकिरी रंग चढतो. हजारो स्लाईड मी स्वतः रंगवल्यात. माझी आली त्या दिवशी थोरल्या मॅडमनी मला मुद्दाम सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं बघितली. तपकिरी काही नाही. कोरी.”

तो हातातला टेप विसरून ऐकत होता.

“ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, किरणांचा शेक झाला. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, झालं, आता काही घ्यायचं नाही. लोकांना वाटेल, किती छान! मला चक्कर आली. काही नाही म्हणजे? अशीच घरी जाऊ? रिकाम्या हातानं? दर तीन महिन्यांनी बोलावतात, बघतात, पाठवतात. असल्या प्रकारचं दुखणं परतायचं असलं तर बहुतेक पहिल्या तीन वर्षांत परततं. पाच झाली की धोका पुष्कळ उतरतो. माझी आत्ता कुठं अडीच होताहेत.”

“मग?”

“मग पाच होईपर्यंत मी कुणाला जीव लावायचा नाही, असं ठरवलंय. कुणी मला लावलेलाही चालणार नाही. आईला एकटीला आवरता आवरता माझ्या नाकी नऊ आलेत.”

त्यानं तो हूक माझ्या हातातून घेतला आणि डबीत ठेवला. “बरं. मी थांबतो.”

“थांबू नका! तेच तर सांगतेय!”

“तुम्हाला जीव लावायचा नाही, ते तुमच्या हातात आहे,” तो हळूच म्हणाला. “माझ्याकडून लागून गेलाय. तो आता उसवून निघायचा नाही.”

काय हा माणूस! असं कुणी सरळ सांगतं? मी पर्स उचलली, पर्स समजून त्याची कापडाची पिशवी उचलली होती, ती परत टाकली आणि धडपडत बाहेर आले. तरी रोज जायचं काही थांबलं नाही. तळ्याकाठी मात्र गेले नाही. मला वाटलं, एवढं न जाणं पुरेसं आहे.

दोन महिन्यांनी अंघोळ करताना साबणाचा हात फिरत फिरत काखेपाशी आला आणि थांबला.

व्रणाच्या टोकाला, कातडीखाली, वाटाण्याएवढं काहीतरी. टणक.

पाणी तसंच वाहत राहिलं. मी हात काढला, परत लावला. होतं. मी फरशीवर खालीच बसले आणि नळाकडं बघत राहिले. रडूही येईना. डोक्यात एकच येत होतं – अजून तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत... अजून तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत. बाहेरून आई म्हणत होती, “अगं, टाकी रिकामी होईल!”

सर्जननी हात लावून बघितलं, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, आणि म्हणाले, काढून तपासू. मी दुकानात निरोप पाठवला, ‘काम आहे, येणार नाही.’ मग त्याच्या आलेल्या चार निरोपांपैकी एकही उघडला नाही. आईला सांगितलं, लहानशी पुळी आहे. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि भाजी चिरायला घेतली. सुरी हातातून दोनदा निसटली तिच्या.

गाठ काढली आणि तो तुकडा आला आमच्याच लॅबमध्ये. बाटलीवर आकडा असतो, नाव नसतं, पण मला आकडा पाठ होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्लाईड तयार होणार. सकाळी थोरल्या मॅडमनी मला कॉरिडॉरमध्ये अडवलं.

“आज तू सुट्टीवर.”

“मॅडम, मी हात लावणार नाही. नुसती बसते.”

“घरी जा.” त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढून आपल्या खिशात घातलं. थेट मागच्या वेळेसारखं.

घरी आईसमोर जायचं धैर्य नव्हतं. कुठं जावं कळेना. पाय नेतील तिकडं गेले आणि पाय कुठं नेणार? मी त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसले. तो खडूनं रेघ मारत होता, ती रेघ वाकडी गेली.

“गाठ आलीय,” मी म्हटलं. “त्याच बाजूला. काल काढली. आज दुपारी कळेल.”

तो जागच्या जागी खाली बसला. चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मला वाटलं आता हा म्हणेल, काही होणार नाही, धीर धरा. सगळे तेच म्हणतात आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटतो. तो मात्र उठला, कोपऱ्यातून शाळेच्या गणवेशाच्या कोटांची चळत उचलून आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“यातले कच्चे दोरे काढा. पंचवीस कोट आहेत. हात रिकामे ठेवू नका.”

मी दोरे काढायला लागले. टोक शोधायचं, उचलायचं, ओढायचं. टोक, उचल, ओढ. तो मशीनवर बसला, पण चाक काही फिरवलं नाही. पाचव्या कोटाला मी म्हणाले, “म्हणून म्हणत होते, थांबू नका.” आठव्या कोटाला तो म्हणाला, “मी कुठं जायचं मग?” बाराव्या कोटापर्यंत आम्ही दोघंही रडत होतो, आणि मी त्याला ओरडत होते की कोटावर डाग पडतील.

फोन वाजला. थोरल्या मॅडम.

“लॅबमध्ये ये.”

“मॅडम, सांगा ना...”

“फोनवर नाही सांगणार. ये तू.”

बारा वर्षं या कामात आहे मी. चांगलं असलं की फोनवर सांगतात. ये म्हणतात ते कधी, हे मला ठाऊक आहे. मी उभी राहिले, तर मांडीवरचे सगळे दोरे पायावर सांडले. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि माझ्यामागं चालायला लागला. ये असंही मी म्हटलं नाही, येऊ नको असंही नाही. रस्ता ओलांडताना त्यानं माझं कोपर धरलं, आणि पलीकडं पोचल्यावरही सोडलं नाही.

थोरल्या मॅडमनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. पँटला सगळीकडं पांढरे दोरे चिकटलेले, कानावर खडू. “हे कोण?”

“शिंपी,” मी म्हटलं.

“बरं,” मॅडम म्हणाल्या, जणू निकाल घ्यायला लोक शिंपी घेऊनच येतात. “बस. बघ.”

मी मायक्रोस्कोपला डोळे लावले. आधी काही दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. सूज होती. सूज आली की धावून येतात त्या मोठाल्या पेशी होत्या, घोळका करून बसलेल्या. पण ज्या शोधत होते त्या... मी काच सरकवली. परत सरकवली. त्या कुठं आहेत?

“मॅडम, त्या...”

“नाहीत. मी तीनदा बघितलं. आता मधे बघ.” त्यांनी काचेखाली एक फिरकी वळवली, सगळा अंधार झाला, आणि त्या अंधारात मधोमध काहीतरी लखलखलं. बारीक, पिळदार, पांढरं.

“दोरा,” मॅडम म्हणाल्या. “ऑपरेशनच्या टाक्याचा. कधी कधी एखादा तुकडा आत राहतो, आणि शरीर त्याच्याभोवती गाठ करून बसतं. वर्षांनीसुद्धा होतं असं. चांगलं आहे म्हणून फोनवर सांगितलं असतं, तर तुला पटलं असतं? स्वतःच्या डोळ्यांनी काच बघितल्याशिवाय तू माझं ऐकतेस कधी?”

दोरा? मी रडायचं, हसायचं, की मॅडमना धरून हलवायचं? माझा जीव घेतला तुम्ही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर आला.

“मी... बघू का?” मागून तो म्हणाला.

मॅडमनी खुर्ची दिली. तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्यातला शिंपी जागा झाला.

“रेशीम आहे,” तो म्हणाला. “पीळ बघा की. वेणीसारखा घातलाय. दोरा चांगला वापरलाय हो...” आणि एकदम वर बघून, भयंकर गंभीर होऊन म्हणाला, “पण काढायला विसरले!”

थोरल्या मॅडम हसल्या. बारा वर्षांत मी त्यांना इतक्या मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. मीही हसले आणि रडले, आणि मॅडमच्या फोनवरून आईला सांगितलं. आई पलीकडून म्हणाली, “पुळीच होती ना? मग रडतेस कशाला?” आणि स्वतः हुंदके देत राहिली.

आम्ही बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसलो. ऊन उतरलं होतं. माणसं आत जात होती, बाहेर येत होती, प्रत्येकाच्या हातात एक फाईल.

“हे बघा,” मी म्हटलं. “आज दोरा निघाला. तीन महिन्यांनी परत तपासणी. पाच वर्षं व्हायला अजून दोन वर्षांच्या वर आहेत, आणि पाच झाली तरी कुणी मला कागदावर लिहून देणार नाही. गोळी नाही ती नाहीच. प्रत्येक वेळी पाठ दुखली की मी अशीच घाबरणार, आणि घाबरले की भांडणार.”

“मी कुठं मागितलं लिहून?”

“मधे बोलू नका. मला सांगू द्या.” मी श्वास घेतला. “काल मी बाथरूमच्या फरशीवर... म्हणजे त्या दिवशी... मला वाटलं, झालं, संपलं. आणि मला कशाचं वाईट वाटलं, माहितीये? तळ्याकाठी गेले नाही, त्याचं. एका रविवारी जायचं होतं, आणि मी तेही राखून ठेवलं. कुणासाठी राखलं? पाच वर्षांनंतरच्या कुठल्या बाईसाठी? तिला मी ओळखतही नाही!”

त्यानं कानावरचा खडू काढून खिशात टाकला.

“मला तू आवडतोस,” मी म्हटलं. ‘तुम्ही’ म्हणणं कधी गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही. “फार. पहिल्या दिवसापासून. तू त्या कापडाला विचारलंस ना, तेव्हापासून.”

त्यानं बोलायला तोंड उघडलं. आज त्यात एकही टाचणी नव्हती, तरी शब्द फुटेना. नुसता ततपप करत राहिला. मग त्यानं हात पुढं केला, माझ्या काखेजवळ ताज्या पट्टीच्या अलीकडं तो थांबला, हात लावला नाही. कान परत लाल झाले होते.

“दुखतंय का?” त्यानं विचारलं.

मी नेहमीसारखं ‘नाही’ म्हणणार होते. सव्वादोन वर्षं आणि वरचे महिने मी डॉक्टरांना, आईला, आरशाला, सगळ्यांना तेच सांगत आले होते.

“हो,” मी म्हटलं. “दुखतंय रे.”

आणि मी माझा डावा खांदा त्याच्या खांद्याला टेकवला.